बिनप्रश्नाची मंजुरी

सुजाता वाघमारे दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम मोठ्याने वाचायची. इंग्रजी चिन्हं, कंस, अर्धविराम यातलं काही उच्चारायची नाही. शेजारणीला गल्लीतली भानगड सांगावी तसा अख्खा प्रोग्राम ती मुदखेडच्या बोलीत सांगायची आणि ज्याने तो लिहिला, त्याने शेजारी प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून ऐकायचा.

"हा गडी आला. फोल्डरमधी शिरला. पहिली फाईल उचलली, बगितली, ठिवली. दुसरी उचलली, बगितली, ठिवली. आता तिसरी तर न्हाईच हितं. मग हा कामून हवेत हात घालून राहिला?"

एवढं झालं की स्टुलावरचा माणूस कपाळाला हात लावायचा. चूक सुजाताने दाखवलेली नसायची. तिने फक्त गोष्ट सांगितलेली असायची, आणि आपल्याच गोष्टीतला गाढवपणा त्याला स्वतःच्या कानांनी ऐकू आलेला असायचा.

आमच्या कचेरीत या प्रकाराला इरफानने नाव ठेवलं होतं, 'मॅडमची अदालत'. इरफान आमचा तरुण प्रोग्रामर, हुशार आणि उतावळा. सकाळी जिना चढता चढताच तो कोर्टात तारीख असल्यासारखा मला सांगायचा, "आज मेरी पेशी है, सर. दुआ करो." आणि आत गेल्यावर सुजाता त्याला म्हणायची, "ये बाबा, बस. चहा सांगितलास का? खाली पोटी गुन्हा कबूल करू नये."

संगणकाच्या धंद्यात या कामाला रिव्ह्यू म्हणतात. एकाने बदल लिहायचा, दुसऱ्याने तो तपासायचा, मगच तो चालू कामात मिसळायचा. रिव्ह्यू करणारी माणसं मी बरीच पाहिली. काही शिक्षकासारखी लाल रेघा मारतात, काही न वाचताच मान डोलावतात. सुजातासारखी दुसरी पाहिली नाही. "चूक आहे" हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. शंका आली की ती थांबायची, खुर्चीत मागे रेलायची आणि म्हणायची, "हितं मला करमंना."

बस, एवढंच. काय करमत नाही, का करमत नाही, हे लिहिणाऱ्याने शोधायचं.

"अहो मॅडम, उत्तर माहीत आहे ना तुम्हाला? मग सांगून टाका की," असं कोणी वैतागून म्हटलं तर ती म्हणायची, "रिव्ह्यूवाल्यानं उत्तर सांगायचं नसतं. प्रश्न इच्यारायचा आन गप बसायचं. आपन सांगितलेलं उत्तर दुसऱ्याच्या पोटात ऱ्हात न्हाई."

ती माझी विद्यार्थिनी. नांदेडला मी तंत्रनिकेतनात संगणक शिकवत असताना ती मुदखेडहून रोज गाडीने यायची. वडील रेल्वेत होते, त्यामुळे गाडी उशिरा आली की वर्गात शिरताना तीच रेल्वेच्या वतीने माफी मागायची. "सर, आमच्या खात्याकडून उशीर झाला." वर्ग हसायचा, मीही हसायचो. फळ्यावर मी काही सिद्ध करून दाखवलं आणि सगळ्यांनी माना हलवल्या, की मागच्या बाकावरून तिचा आवाज यायचा, "सर, तुम्ही बरोबरच सांगून राहिले असाल, पन मला अजून दिसंना." मला ते आवडायचं. निदान तेव्हा तरी आवडायचं. ती बाकावर होती आणि खडू माझ्या हातात होता.

निवृत्तीनंतर माझ्या काही विद्यार्थ्यांनी काढलेल्या छोट्या कंपनीत मी भागीदार म्हणून गेलो. टायरच्या दुकानावर दोन खोल्या. लग्न, संसार आणि पुण्यातली एक नोकरी करून सुजाताही तिथे आलेली होती. आमचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे लातूरचा एक शिकवणी वर्ग. त्यांची प्रश्नपेढी आम्ही सांभाळायचो. भौतिकशास्त्र, रसायन, जीवशास्त्र, वर्षानुवर्षांचे प्रश्न. प्रत्येक प्रश्नाची वेगळी फाईल, त्यातच त्याच्या योग्य पर्यायाचा आकडा. अशा फाईली किती होत्या ते विचारू नका. लातूरची पोरं रोज एक परीक्षा देतात एवढं सांगितलं की अंदाज येईल.

या फाईलींत कोणी, कधी, काय बदललं याची कायमची नोंद ठेवणारी एक यंत्रणा असते, तिला व्हर्जन कंट्रोल म्हणतात. तिचा एक गुण असा की जुनी नोंद गुपचूप खोडता येत नाही. खोडायची तर तिच्या पुढचा सगळा इतिहास मोडावा लागतो. आमच्याकडे प्रत्येक नोंदीखाली दोन नावं असायची, लिहिणाऱ्याचं आणि तपासणाऱ्याचं. तपासणाऱ्याचं नाव लिहिणारा स्वतःच टाइप करायचा. ही पद्धत सुजातानेच पाडलेली. ती दुसऱ्याच्या कीबोर्डला हात लावायची नाही. "दुसऱ्याच्या चुलीत आपन लाकूड सारू नये. मी बोलते, तुम्ही लिवा."

आणि ती बोलायची काय, तर एक प्रश्न. सगळं ठीक असलं, मंजुरी दिली, तरी नावाआधी एक प्रश्न लिहायला लावायची आणि खाली लिहिणाऱ्याचं उत्तर, मागाहून जोडलं तरी चालेल असं. 'ह्या फंक्शनचं नाव असं कामून?' 'हे पुढच्या वर्षी कोन वाचनार?' इरफानने एकदा सलग दोन दिवस बसून केलेल्या कामाखाली तिने लिहायला लावलं होतं, 'काम झालं. आता घरी कवा जानार?' त्याखाली इरफानचं उत्तर, 'अभी.' हे सगळं इतिहासात आहे. आजही आहे.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

छपाईला प्रश्न पाठवण्याआधी आमचा एक तपासणी-प्रोग्राम चालायचा. कोणत्या फाईली बदलल्या ते शोधून तेवढ्याच पुढे पाठवायच्या, हे त्याचं काम. पण तो बिचारा प्रत्येक फाईल उघडून, आतलं शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून, जुन्या प्रतीशी ताडून बघायचा. बटण दाबलं की सगळी कचेरी जिना उतरून हणमंतूच्या टपरीवर. हणमंतू आम्हाला उतरताना बघितलं की विचारायचा, "चेकिंग लावलं का, साहेब?" आणि न सांगता पातेलं चढवायचा. चहा, मग पान, मग लातूरचा फोन, "अहो, पाठवताय ना?" मग आम्ही, "चेकिंग चालू आहे." लातूरकर संचालक एकदा वैतागून म्हणाले, "आमची पोरं तेवढ्यात पेपर सोडवून बाहेर येतात हो!"

मला ते लागलं. मी ठरवलं, हे आपण करायचं. वयाच्या साठीनंतर मी पुन्हा प्रोग्राम लिहायला बसलो आणि खरं सांगतो, त्या दिवसांत मी तरुण झालो होतो. माझी युक्ती साधी होती. फाईल उघडायचीच कशाला? फाईल शेवटची कधी बदलली ती वेळ आणि तिचा आकार, हे दोन्ही बाहेरूनच कळतात. मागच्या नोंदीशी दोन्ही जुळले तर फाईल बदललेली नाही, पुढे चला. करून बघितलं. बटण दाबलं आणि इरफान जिन्यापर्यंत पोचायच्या आत यादी पडद्यावर. तो परत आला, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "सर, ये तो बेजा फास्ट है. खराब तो नहीं हुआ?"

आता रिव्ह्यू. मी स्टुलावर बसलो. माझ्या आयुष्यातली पहिली पेशी. सुजाताने चष्मा पुसला, घसा साफ केला आणि आख्यान लावलं.

"हा गडी फाईलीच्या दाराशी गेला. दार उघडलं न्हाई. बाहीरूनच इच्यारलं, बाई, तुझं वजन किती? ती म्हनली, कालच्याइतकंच. तुला हात कवा लागला? तुम्ही मागं नोंद केली तवाच. बरं, मग झोप, म्हनला आन निघाला पुढच्या दाराला. लई सभ्य हाय हो सर हा गडी. कोनाच्या घरात डोकावत न्हाई."

सगळे हसले. मीही हसलो. मग ती मागे रेलली.

"सर, हितं मला करमंना."

"काय करमत नाही?"

ती गप्प. मी म्हणालो, "आकार तोच, वेळ तीच, मग फाईल तीच. गणित आहे."

"आन कोनी दोन पुसून तीन लिवलं तर? वजन तेवढंच भरंल की."

"वेळ बदलेल ना पण."

"घड्याळ सेकंदाचंच हाय आपलं. नोंद झाल्या झाल्या त्याच सेकंदात लिवलं तर?"

"एका सेकंदात कोण लिहितं, सुजाता? माणूस आहे का भूत?"

इरफानच न राहवून म्हणाला, "सर, माणूस नहीं, अपना सफाईवाला प्रोग्राम लिखता ना. पहले भाषा साफ करता, नोंद लेता, फिर लगेच उत्तर का आकडा लगाता." आणि खोलीतली सगळी पोरं पुन्हा हसली. यावेळी मी हसलो नाही.

तिचं बरोबर होतं, हे मला तिथेच कळलं. दुरुस्तीही सोपी होती. ज्या फाईलीची वेळ आणि नोंदीची वेळ एकच सेकंद दाखवतात, तेवढीच उघडून वाचायची. अशा फाईली मूठभर. वेग जवळजवळ तेवढाच राहिला असता. ती उठता उठता म्हणालीही, "आमच्या सासूबाई म्हनायच्या, नवी सून आन ताजं दूध, दोन्हीवर नजर ठेवावी. सुनेबद्दल त्या चुकल्या. पन ताज्या फाईलीवर ठेवायला काय हरकत हाय, सर?"

चार ओळींचं काम होतं. मी ते केलं नाही. माझ्याच विद्यार्थिनीने मला स्टुलावर बसवलं आणि पोरं हसली, एवढ्यावरच माझं डोकं अडकून बसलं होतं. दुसऱ्या दिवशी ती भाचीच्या लग्नाला हिमायतनगरला गेली. लातूरकरांना मी नवा वेग दाखवायचं कबूल करून बसलो होतो. मी स्वतःशी म्हटलं, एवढी दुर्मीळ गोष्ट, नंतर बघू. आणि बदल चालू कामात मिसळला. तपासणाऱ्याचं नाव घातल्याशिवाय यंत्रणा पुढे जाऊ देत नव्हती. मी टाइप केलं, 'तपासले. सु. वाघमारे.'

सवयीचीच कृती होती. तिचं नाव आम्ही सगळेच रोज टाइप करत होतो.

पुढचे काही आठवडे मजेत गेले. संचालकांनी पेढे पाठवले. हणमंतूने मात्र माझ्याशी अबोला धरला. "सर, तुम्ही लई शिकलेले, पन गरिबाचा धंदा बसवला. आता चेकिंगला कोनी खाली येईना." सुजाता हिमायतनगरहून लग्नाचे लाडू घेऊन परत आली आणि तिने विचारलं, "सर, तुमच्या गड्याचं काय झालं?" मी म्हणालो, "झालं ते काम." ती म्हणाली, "बरं." दार उघडून पाहायला सांगितलं होतं ते पाहिलं का, असं तिने विचारलं नाही. मी केलं असेल, असं ती धरून चालली. तिला शंका न घेण्याची सवय फक्त एकाच बाबतीत होती, आणि ती बाब म्हणजे मी.

मग लातूरच्या एका मोठ्या सराव परीक्षेत काही प्रश्नांची उत्तरं चुकीची छापली गेली. शिक्षकांनी दोनचा तीन केला होता. सफाईवाल्या प्रोग्रामने तो आकडा नोंदीच्याच सेकंदात लावला. आकार तोच, वेळ तीच. माझ्या सभ्य गड्याने दार न उघडता 'झोप' म्हटलं आणि जुनं उत्तर छापायला गेलं. बरोबर उत्तर दिलेल्या मुलांचे गुण कापले गेले. निकाल फिरवावा लागला. पालकांनी संचालकांना घेरलं आणि संचालक गाडी काढून नांदेडला आले.

ते आमच्या खोलीत उभे होते. इरफानने पडद्यावर नोंद उघडली. संचालकांनी लिहिणाऱ्याचं नाव वाचलं, माझ्याकडे आदराने पाहिलं आणि म्हणाले, "सर, तुम्ही लिहिलंत ते लिहिलंत. पण हे तपासलं कोणी?" खाली नाव होतं.

सुजाता खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेली. नोंद वाचली. यावेळी मनातल्या मनात. मग माझ्याकडे वळून, रोजच्याच आवाजात म्हणाली, "सर, हितं मला करमंना. तुम्हाला करमतंय का?"

मी पंख्याकडे बघितलं. म्हणालो, "आता झालं ते झालं."

ती गप्प बसली. नेहमीसारखी, प्रश्न विचारून. संचालक म्हणाले, "या बाईंनी यापुढे आमच्या कामाला हात लावायचा नाही. तुम्ही तरी सर, कोणावर भिस्त ठेवता!" त्या 'कोणावर' या शब्दात काय काय होतं, ते मला ऐकू आलं. मी शिकवलेल्या वर्गांत मागच्या बाकांवर कोण बसायचं आणि दोष कोणाच्या नावावर पटकन चिकटतो, हे मला चाळीस वर्षं माहीत होतं. म्हणूनच माझ्या गप्प राहण्याला मी नजरचूक म्हणू शकत नाही.

तिला गिऱ्हाइकांचे फोन घेण्याच्या कामावर बसवलं. चार ओळी मी त्याच संध्याकाळी घातल्या. त्या नव्या बदलाखाली तपासणाऱ्याच्या जागी दुसऱ्या एका पोराचं नाव घालून घेतलं. फोनवर सुजाता रडली-बिडली नाही. उलट तिथेही तिने अदालत भरवली. कोणा गिऱ्हाइकाने "तुमचं सॉफ्टवेअर चालत नाही" म्हटलं की ती म्हणायची, "थांबा दादा, पहिल्यापासून सांगा. सकाळी उठलात. मग?" माणसं हसायची आणि सांगता सांगता आपली चूक आपणच शोधायची. काही महिन्यांनी तिच्या यजमानांची बदली औशाला झाली आणि तिने लातूरच्या एका लहान कंपनीत काम धरलं. निघताना माझ्या पाया पडली. मी आशीर्वादही दिला. काय म्हणून दिला, देव जाणे.

त्यानंतर वर्षं गेली. मी काम सोडलं. आणि गेल्या महिन्यात इरफानचा फोन आला. आता कंपनी तोच चालवतो.

"सर, सगळं नव्या सर्व्हरवर हलवून राहिलो. जुना इतिहास लई जड झालाय. तो सोडून देऊ का? आजपासून कोरी पाटी. तुम्ही हाव म्हटलं तर टाकतो."

मला आधी काय वाटलं ते लिहितो. हायसं वाटलं. मी 'हो' म्हणालो असतो तर ती एक ओळ जगातून गेली असती आणि ती कोणाला सांगायची वेळ माझ्यावर आली नसती. "थांब, सांगतो," म्हणून मी फोन ठेवला आणि शेवटचं बघून घ्यावं म्हणून लॅपटॉपवर तो इतिहास उघडला. वाचत गेलो. 'ह्या फंक्शनचं नाव असं कामून?' 'हे पुढच्या वर्षी कोन वाचनार?' 'आता घरी कवा जानार?' पानंच्या पानं तिचे प्रश्न. त्या टायरच्या दुकानावरच्या खोलीत ती काय होती, याचा दुसरा पुरावा कुठेच नाही. माझी एक ओळ पुसायची तर तिच्या सगळ्या ओळी पुसाव्या लागणार होत्या.

मी इरफानला फोन लावला. "सगळं ठेव. जड असलं तरी ठेव. आणि वर एक नवी नोंद घालायची आहे, मी लिहून आणतो."

"तपासणार कोण, सर? नियम आहे आपला."

"विचारून येतो," मी म्हणालो.

नांदेडहून लातूर आणि लातूरहून औसा. दोन्ही बसमध्ये लॅपटॉपची पिशवी मी मांडीवर धरून बसलो होतो. कंडक्टरला वाटलं त्यात काही मौल्यवान आहे. घर सापडायला वेळ लागला नाही. बाजारात विचारलं, "वाघमारे मॅडम?" तर भाजीवाला म्हणाला, "त्या मोठ्यानं पेपर वाचत्यात त्याच का?"

दारातच तिने मला पाहिलं. केस पांढरे झालेले, चष्मा जाड, हसणं तेच. "अगं बाई, सर! या वयात कुठला कोड घेऊन आलात? बसा. चहा घ्या आधी. खाली पोटी..." आणि तिने वाक्य अर्धंच सोडलं.

चहा झाल्यावर मी लॅपटॉप उघडून तिच्यापुढे ठेवला. नोंदीचा मजकूर मी नांदेडलाच चांगल्या भाषेत लिहून ठेवला होता. तिने चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं.

"एक मास्तर व्हता. लई हुशार. त्यानं एक गडी पाळला, तो फाईलीच्या दारात जायचा पन आत डोकवायचा न्हाई. मास्तरला एकीनं इच्यारलं, ताज्या फाईलीचं काय? मास्तरनं ऐकून घेतलं. मग घाईघाईत नजरचुकीनं तिचं नाव मंजुरीत पडलं..."

ती थांबली. मागे रेलली. मला पुढचं माहीत होतं.

"हितं मला करमंना."

मी पडद्याकडे पाहिलं. तिला विचारण्यात अर्थ नव्हता. लॅपटॉप माझ्याकडे ओढून 'घाईघाईत नजरचुकीने तिचं नाव पडलं' हे खोडलं आणि लिहिलं, 'तिने मंजुरी दिली नव्हती. मला तिचा राग आला होता. मी तिचं नाव मुद्दाम घातलं, आणि तिच्यावर दोष आला तेव्हा गप्प बसलो.'

ती वाचून म्हणाली, "हां. आता चालून राहिला हा गडी."

"सुजाता, त्या दिवशी तू बोलली का नाहीस? एक शब्द बोलली असतीस तर..."

"बोलले की. प्रश्न इच्यारला व्हता. तुम्ही उत्तर दिलं न्हाई." मग हसत म्हणाली, "आन सर, एक सांगू का? खोलीतल्या सगळ्यांना ठावं व्हतं."

"काय?"

"इरफाननं नोंद उघडली तवाच त्यानं माझ्याकडं बघितलं. 'तपासले, सु. वाघमारे.' वर प्रश्न न्हाई! मी कवा बिनप्रश्नाची मंजुरी दिली का? पोरांनी तितंच ओळखलं. तो तर लातूरकरांना सांगायला निघाला व्हता, मीच डोळ्यानं दटावलं. म्हनलं, सर सांगतील. सरांना जरा येळ लागतो, पन सांगतील."

म्हणजे मी ज्या ओझ्याखाली इतकी वर्षं वाकलो होतो, ते माझ्या पाठीवर आहे हे सगळ्या कचेरीला दिसत होतं. पोरं मला वाकून नमस्कार करत होती आणि त्यांना सगळं ठाऊक होतं. इरफानने परवा 'कोरी पाटी करू का' असं कशासाठी विचारलं, तेही मला तिथे बसल्या बसल्या कळलं. जाताना म्हाताऱ्याला मोकळं करावं, असं त्याला वाटलं असावं.

मला हसू आलं. खरंच आलं. तीही हसायला लागली. आतून तिचे यजमान डोकावले आणि विचारू लागले, काय झालं. ती म्हणाली, "काही न्हाई हो, सरांची पेशी हाय."

"मग?" मी विचारलं. "तपासणाऱ्याच्या जागी कोणाचं नाव घालू?" आणि सवयीने बोटं कीबोर्डवर ठेवली. "बोल, मी लिहितो."

"सरका," ती म्हणाली.

मी सरकलो. आयुष्यात पहिल्यांदा सुजाताने दुसऱ्याच्या कीबोर्डला हात लावला. एका बोटाने, सावकाश, ओठ हलवत तिने टाइप केलं. आधी प्रश्न. मग, 'तपासले. सु. वाघमारे.' मग लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. प्रश्न असा होता:

'सर, चेकिंग तर तुम्ही लई फास्ट केलं. मग उत्तराला एवढा उशीर कामून?'

नोंद त्याच दिवशी इतिहासात गेली. जुन्या खोट्या नोंदीच्या पुष्कळ वर, पण त्याच रांगेत. दोन्ही आता कायमच्या आहेत. आमच्या नियमाप्रमाणे प्रश्नाखाली लिहिणाऱ्याचं उत्तर यावं लागतं, तोवर ती नोंद उघडी दिसत राहते. मी दोन-तीनदा लिहायला बसलो. अभिमान, भीती, वय, लाज, सगळे शब्द लिहून पाहिले. प्रत्येक वेळी मी ते मोठ्याने वाचलं, तिच्यासारखं, आणि प्रत्येक वेळी कुठेतरी करमेना. ते उत्तर शोधता शोधताच हे एवढं सगळं लिहिलं गेलं.

काल इरफानचा पुन्हा फोन होता. "सर, नवा सर्व्हर चालू झाला. सब ठीक. बस, एक एन्ट्री ओपन दिख री."

"राहू दे," मी म्हणालो. "लिहून राहिलोय."